व्हिडिओ पूर्ण बघितला, मत दुसऱ्यालाच दिलं

नट अजाज खानला वर्सोव्यात १५५ मतं पडली. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा, इन्स्टाग्रामवर ५६ लाख फॉलोअर, आणि मशिनमधून निघाली १५५. नोटाला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. हा आकडा फोनवर फिरायला लागला तेव्हा माझ्या दुकानात रिचार्जला आलेले एक नाना म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या इलेक्शनला जो पडतो ना, तोसुद्धा याच्यापेक्षा जास्त घेतो."

माझं नारायणगावात मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, टेम्पर्ड ग्लास, झेरॉक्स, आणि ज्यांना जमत नाही त्यांना व्हिडिओ उतरवून देणं. निवडणूक लागली की गिऱ्हाईक काउंटरला टेकून व्हिडिओ बघतं, तेही पूर्ण आवाजात, कारण हेडफोन आमच्याकडे फक्त कॉलेजची पोरं लावतात. त्यामुळे कुठला व्हिडिओ कोण बघतंय आणि बघून झाल्यावर काय बोलतंय, हे मला न विचारता कळतं. पुढे जे लिहितोय ते त्या ऐकण्यावरून. मी स्वतः कुणाला मत दिलं ते सांगणार नाही. दुकानदाराला दोन्हीकडचं गिऱ्हाईक लागतं.

आधी गावाबद्दल थोडं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. नारायणगावला तमाशा पंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्या. पाडव्याच्या आसपास इथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन कुठल्या गावाला कुठला फड, कितीची सुपारी, हे ठरवून जातात. इथल्या माणसाने रात्री वगातला राजा बघितलेला असतो आणि सकाळी तोच राजा ट्रकच्या फाळक्याला टेकून, लुंगीवर, दात घासतानाही बघितलेला असतो. म्हणून शहरातली मंडळी जेव्हा लिहितात की खेड्यातली भोळी जनता पडद्यावरच्या देवाला मत देऊन टाकते, तेव्हा मला हसू येतं. आमची जनता कलाकाराला फार जवळून ओळखते. शिट्टी मारते, वन्स मोअर घेते, आणि सरपंच दुसऱ्यालाच करते.

"मग अमोल कोल्हे कसे निवडून आले?" हे कुणीतरी विचारणारच. विचारायलाच पाहिजे.

२०१९ ची लोकसभा. आमचा शिरूर मतदारसंघ म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर, भोसरी आणि हडपसर. समोर शिवाजीराव आढळराव पाटील, तीन वेळचे खासदार, २०१४ ला तीन लाखांच्या फरकाने आलेले. आणि कोल्हे नुकतेच, निवडणुकीच्या तोंडावर, शिवसेना सोडून राष्ट्रवादीत आलेले. त्या वेळी झी मराठीवर 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू होती आणि संभाजी महाराज म्हणजे कोल्हे. आता हा मतदारसंघ कुठला, ते बघा. शिवनेरी जुन्नर तालुक्यात. संभाजी महाराजांची समाधी वढू बुद्रुकला, ती शिरूर तालुक्यात. म्हणजे महाराजांचा जन्म झाला तो किल्ला आणि शंभूराजांची समाधी, दोन्ही एकाच मतदारसंघात, आणि पडद्यावर दोन्ही भूमिका केलेला माणूस उमेदवार. वर तो नारायणगावचाच. पैसे देऊन असा प्रचाराचा व्हिडिओ कुणाला बनवता आला नसता. तो रोज रात्री घराघरात आपोआप लागत होता.

तरी सुद्धा. माझ्या चुलतीचं उदाहरण देतो. तिने सिरीयलचा एक भाग चुकवला नाही. स्वयंपाक आटोपून समोर बसायची आणि जाहिरात लागली तरी उठायची नाही. प्रचाराची गाडी त्यांच्या गावात आली तेव्हा ताट घेऊन वेशीपर्यंत गेली, औक्षण केलं, डोळ्यांत पाणी. घरी आल्यावर काकांनी विचारलं, मग आता घड्याळ का? तर म्हणाली, "महाराजांना ओवाळलं. मत दादांना. दादा आपल्या दशक्रियेला आले होते."

हे आढळराव दादांबद्दल. आमच्याकडे दशक्रियेला येणं ही फार मोठी गोष्ट असते. मुंबईतल्या जाहिरात कंपन्यांना हे कुणी सांगत नसावं.

पण कोल्हे जिंकले, अठ्ठावन्न हजारांवर मतांनी. चेहऱ्याने काम केलं का? केलं. नवीन उमेदवाराचा प्रत्येक गावात निम्मा वेळ मी कोण, कुणाचा, कुठला हे सांगण्यात जातो. यांचा तो वेळ वाचला. माणसं आपणहून जमली, आणि जमली की ऐकतात. पण त्या गर्दीच्या मागे जिल्हा परिषद, साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ अशी राष्ट्रवादीची जुनी घडी होती, आणि पंधरा वर्षं एकच खासदार म्हटल्यावर थोडा कंटाळाही. गर्दी चेहऱ्याने आणली, बूथ त्या घडीने सांभाळले. जाहिरातवाल्यांना यातलं पहिलं तेवढं दिसतं, कारण ड्रोनमधून तेवढंच दिसतं.

त्याच निवडणुकीत अक्षय कुमारची ती मुलाखत आली. पंतप्रधानांची, 'अराजकीय' म्हणून. तारीख २४ एप्रिल, आणि आमचं मतदान २९ ला. आंबा कसा खायला आवडतो, कापून की चोखून. माझ्या काउंटरवर ती बऱ्याच जणांनी बघितली आणि गंमत म्हणजे पूर्ण बघितली. बघायला छान होती. संपल्यावर ओतूरकडचे एक शेतकरी म्हणाले, "आंब्याचं इचारलं. कांद्याचं इचारायचं राह्यलं." आणि फोन खिशात घालून गेले. तेच शेतकरी पुढे कमळाच्या युतीलाच मत देणारे होते, हे मला माहीत होतं. मुलाखतीमुळे त्यांचं मत वाढलं नाही आणि घटलंही नाही. मतदानाच्या दिवशी मुंबईत अक्षय कुमारच दिसले नाहीत, मग कॅनडाच्या नागरिकत्वाची चर्चा झाली, तेव्हा मात्र दुकानात मोठा हशा झाला. (त्यांना भारताचं नागरिकत्व ऑगस्ट २०२३ ला मिळालं आणि २०२४ ला त्यांनी मतदान केलं, हेही सांगायला हवं.)

तेव्हाच राज ठाकरेंचं, भाजपविरोधातल्या सभांमधलं, 'लाव रे तो व्हिडिओ' चालू होतं. सिनेमातले नट नसले तरी महाराष्ट्रात त्यांच्याएवढी गर्दी कुठला नट खेचतो? हरिसालच्या डिजिटल गावाची जाहिरात लावली आणि त्या जाहिरातीत दिसलेल्या पोराला थेट स्टेजवर उभं केलं. तो तुकडा मी किती जणांच्या फोनमध्ये टाकून दिला त्याला हिशोब नाही. भाजपवालेसुद्धा मागायचे. "काय पकडलंय राव," म्हणायचे. निकाल काय लागला? राज्यात ४८ पैकी ४१ युतीला. मनसेने उमेदवारच दिले नव्हते, त्यामुळे टाळ्या वाजवणाऱ्याला बटण कुठलं दाबायचं हा प्रश्नच होता. तरीपण माझं मत असं की उमेदवार असते तरी फार फरक पडला नसता. लोकांनी तो कार्यक्रम म्हणून बघितला, कार्यक्रम म्हणून आवडला, आणि कार्यक्रमाला द्यायची ती दाद देऊन ते घरी गेले.

आता मला जे खरं सांगायचंय ते २०२२ चं आहे. तेव्हा निवडणूक नव्हती.

जानेवारीच्या शेवटी कोल्हेंचा एक जुना सिनेमा ओटीटीवर आला, ज्यात त्यांनी नथुराम गोडसेची भूमिका केली होती. २०१७ ला, राष्ट्रवादीत येण्याच्या आधी केलेलं काम. त्याचा ट्रेलर फिरायला लागला आणि दुकानात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एक टोपीवाले बाबा म्हणाले, "वगात खलनायक करणाऱ्याला आपण कधी मारलंय का? काम हाय त्याचं ते." दुसरे, त्यांच्याच वयाचे, म्हणाले, "वग संपला की तो रंग पुसतो. हा खासदार हाय. याचा रंग आता पुसून जात नाय." मी दोघांना चहा सांगितला, कारण एवढं चांगलं भांडण मी टीव्हीवरच्या चर्चेत ऐकलेलं नव्हतं. पुढे कोल्हे आळंदीला गेले, इंद्रायणीकाठी आत्मक्लेश केला, लोकांच्या भावना दुखावल्याबद्दल बोलले. त्याचाही व्हिडिओ आला. तो बघून लोक गप्प राहिले. काहींना पटलं, काहींना तीही भूमिका वाटली. ज्याने आयुष्यभर उत्तम रडून दाखवलंय त्याच्या डोळ्यांतलं पाणी मोजायचं कसं, हा प्रश्न नटाच्या वाट्याला कायमचा येतो, आणि त्याला माझ्याकडेही उत्तर नाही.

मग फेब्रुवारी. बैलगाडा शर्यतीवरची बंदी सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ ला उठवली होती. आमच्या भागात हा विषय काय आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. खोंड जपायला घरातल्या माणसापेक्षा जास्त खर्च करणारी घरं मी बघितली आहेत. बंदीच्या काळात दोन्ही बाजूंचे पुढारी या एका विषयावर मतं मागत होते. कोल्हेंनी २०१९ च्या प्रचारात सांगितलं होतं की शर्यत सुरू झाली की मी स्वतः बारीपुढे, म्हणजे पळत्या गाड्यापुढे, घोडी धरीन. विरोधक त्यावरून डिवचत होते. आणि निमगाव दावडीच्या घाटात (शर्यतीच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो), खंडोबाच्या यात्रेला, त्यांनी ती धरली.

ज्यांनी घाट बघितला नाही त्यांच्यासाठी: मागून दोन जुंपलेले बैल आणि त्यांच्यापुढे जोडलेले दोन जुकाटाचे बैल सुटतात, सेकंदांचा खेळ, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, आणि त्या सगळ्याच्या पुढे घोडीवर एक माणूस. घोडी अडखळली तर मागून बैल अंगावर. इथे रिटेक नसतो.

तो व्हिडिओ आमच्याकडे ज्या पद्धतीने बघितला गेला तसा कुठलाच प्रचाराचा व्हिडिओ मी बघितला जाताना पाहिला नाही. थांबवून, मागे घेऊन, झूम करून. मांड कशी आहे, लगाम कुठल्या हातात, टाच मारली की घोडी आपणहून सुटली. आढळरावांचे कट्टर कार्यकर्तेसुद्धा बघत होते, चुका शोधायला म्हणून का होईना. त्यातल्याच एका गाडामालकाने दोनदा बघितला, फोन परत दिला आणि म्हणाला, "घोडीला ॲक्टिंग कळत नाय."

मला वाटतं नटांच्या प्रचाराबद्दल मी जेवढं वाचलं त्या सगळ्यात हे वाक्य सरस आहे. मतदार व्हिडिओतला नट बघतच असतो, मजेने बघतो, पण मत द्यायचं म्हटलं की तो त्यात अशी जागा शोधतो जिथे अभिनयाने भागत नाही. मुंबईत, कॅमेऱ्यासमोर, दिलेलं वाक्य वाचणाऱ्या हिरोच्या व्हिडिओत ती जागाच नसते. म्हणून लोक तो व्हिडिओ बघून खाली एकच गोष्ट लिहितात: "किती घेतले?"

उर्मिला मातोंडकर २०१९ ला उत्तर मुंबईतून उभ्या होत्या. बोलत चांगल्या होत्या, मराठी स्वच्छ, प्रचाराचे व्हिडिओ आमच्याकडेही यायचे आणि लोक कौतुक करायचे. साडेचार लाखांवर मतांनी हरल्या. त्याच जागेवर २००४ ला गोविंदाने राम नाईकांना हरवलं होतं. म्हणजे चेहरा चालतही नाही आणि चालतोही, असं म्हणायची सोय आहे, आणि टीव्हीवरचे विश्लेषक तेवढंच म्हणतात.

२०२४ च्या लोकसभेला आणखी एक प्रकार सुरू झाला. आमिर खान आणि रणवीर सिंग यांचे व्हिडिओ फिरले, मोदी सरकारवर टीका करणारे, शेवटी काँग्रेसला मत द्या. दोन्ही बनावट. आमिरच्या बाजूने सांगण्यात आलं की त्यांनी कधीच कुठल्या पक्षाचा प्रचार केलेला नाही, आणि पोलिसांत तक्रार झाली. रणवीरनेही डीपफेकपासून सावध राहा म्हणून लिहिलं. आमच्या मावशीने तो आमिरचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. भाच्याने लगेच लिहिलं, मावशी हा खोटा आहे. मावशीचं उत्तर: "माणूस खोटा असू दे, बोलतो ते बरोबर आहे." पाठोपाठ काकांचं: "बोलतो तेही खोटं आहे, पण आवाज भारी काढलाय." दोघांचीही मतं वर्षानुवर्षं ठरलेली. खऱ्या-खोट्याची सगळी चर्चा त्या दोन ओळींच्या मधून निघून गेली. तंत्रज्ञानाची भीती मलाही वाटते, पण ते मतं फिरवेल म्हणून तेवढी वाटत नाही. उद्या खरा माणूस खरं बोलला तरी हीच दोन उत्तरं येतील, त्याची जास्त वाटते.

तेव्हा शिरूरला पुन्हा तेच दोघे समोरासमोर होते, फक्त चिन्हं आणि पक्ष उलटेपालटे. आढळराव आता अजितदादांच्या राष्ट्रवादीत, घड्याळावर. कोल्हे शरद पवारांबरोबर, नव्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर. प्रचारात विरोधकांचा मुख्य मुद्दा हाच की नट आहे, निवडून आल्यावर मतदारसंघात दिसत नाही. पण या वेळी काउंटरवर संभाजी महाराजांचा एकही तुकडा वाजत नव्हता. वाजत होती ती लोकसभेतली भाषणं. डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आलेली, शिवनेरीवरून पुण्यापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा निघून गेलेला, आणि बंदी उठली ती आमच्या मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी, तीही ४० टक्के निर्यात शुल्कासकट. माणसं भाषण ऐकताना मान डोलवत नव्हती, हिशोब तपासत होती. "किलोमागचा खर्च बरोबर सांगितला का बघ." विरुद्ध बाजूचा लगेच म्हणायचा, "बोलून भाव आला का?" दोन्ही प्रश्न रास्त होते. निकाल १ लाख ४० हजारांच्या वर मताधिक्याचा लागला. या वेळी चुलतीनेही मत बदललं, आणि कारण विचारलं तर म्हणाली, "चाळीतला कांदा." आणि एवढा ओळखीचा चेहरा, तरी चिन्हाचा घोळ होताच. तुतारीशी मिळत्याजुळत्या पिपाणीला राज्यात ठिकठिकाणी हजारो मतं गेली. मशिनवर फोटो असतो, पण म्हातारी माणसं फोटो बघत नाहीत, बोट ठेवायला चिन्ह शोधतात.

आणि सहा महिन्यांत विधानसभा. कोल्हे पक्षाचे स्टार प्रचारक, शिवस्वराज्य यात्रा शिवनेरीवरूनच निघालेली, सभांना तुफान गर्दी, रील्सचा पाऊस. शिरूर लोकसभेत ज्या सहा विधानसभा येतात त्यांपैकी शरद पवारांच्या पक्षाला किती मिळाल्या? शून्य. आघाडीला एकच, खेड-आळंदी, तीही ठाकरेंच्या शिवसेनेची. आंबेगावला अजितदादांच्या पक्षाचे वळसे पाटील दीड हजारांवर मतांनी वाचले, जुन्नरला तर अपक्ष आला. तीच माणसं, तेच फोन, तोच वक्ता. फक्त मत दुसऱ्यासाठी मागत होता. आमच्याकडे घोडीवर स्वतः बसावं लागतं, दुसऱ्याच्या वतीने बसता येत नाही.

आता हे लोण गावपातळीवर आलंय. पैसे भरले की मुंबईहून कुणीतरी ओळखीचा चेहरा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करून पाठवतो, 'नमस्कार, मी अमुक, आपले लाडके उमेदवार तमुक'. एकाने हिंदीतल्या नटाकडून असा करून घेतला होता. नटाला 'ळ' जमेना. आळेफाट्याचा त्याने 'आलेफाटा' केला. पोरांनी तेवढाच तुकडा कापून रिंगटोन केला, आणि तो मलाच फोनमध्ये भरून द्यावा लागला, बऱ्याच जणांना. उमेदवार पडला. रिंगटोनमुळे नाही, त्याची भावकीच फुटली होती.

परवा एका इच्छुकाचा पुतण्या दुकानात आला. म्हणाला, एखाद्या हिरोचा आवाज एआयने काढून देता का, काकांसाठी, चांगले पैसे देतो. मी म्हटलं, ते मी करत नाही, आणि तुलाही पोलिसांचं लफडं होईल. त्यापेक्षा काकांना पाणंद रस्त्यावर उभं कर, मागे रस्ता दिसू दे, आणि साधा मोबाइलवर व्हिडिओ काढ, एडिट मी फुकट करून देतो.

तो म्हणाला, "रस्ता झाला असता तर हिरो कशाला लागला असता?"